चपलेचं श्रेय आणि चपलेच्या फोटोचं

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी दिसणारी अंगठ्याची चामडी चप्पल रॅम्पवर आणली, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. त्यावर गावाकडे उसळलेला संताप मी लंडनमधून पाहत होतो आणि तो मला शंभर टक्के पटला. पुढे कंपनीने प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागाशी जोडलेल्या वस्तूला मिळणारं कायद्याचं संरक्षण आहे, पण ते मुख्यतः नाव राखतं, चपलेचा घाट नाही. प्राडाने ते नाव वापरलंच नव्हतं.

फॅशनचे व्यावसायिक फोटो काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे या सगळ्या वादात मला एक गोष्ट सतत खटकत राहिली. चपलेच्या श्रेयासाठी भांडणारे आपण तिच्या फोटोचं श्रेय कोणालाच देत नाही. एकाने मेहनतीने काढलेला फोटो दहा दुकानांच्या इन्स्टाग्रामवर फिरतो. विचारलं तर उत्तर येतं, "फोटोचे पैसे दिलेत की, आता आणि काय?"

कायदाही बराचसा त्या दुकानदाराच्याच बाजूचा. 1957च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक ग्राहक असतो, वेगळा करार नसेल तर. ब्रिटनमध्ये 1988च्या कायद्याने उलट आहे. फोटोग्राफर नोकरीत नसेल तर मालकी त्याची, आणि ग्राहक घेतो तो वापराचा परवाना. किती वर्षं, कोणत्या देशांत, फक्त वेबसाइटवर की होर्डिंगवरही, यावर पैसे ठरतात. मी इथे टिकलो तो या परवान्यांच्या जोरावर. महिना कोरडा गेला तरी जुन्या कामाची मुदत वाढते आणि घरभाडं निघतं.

म्हणून इथलं सगळं चांगलं, असं मी मुळीच म्हणणार नाही. मासिकातल्या फॅशनच्या पानावर फोटोग्राफर, स्टायलिस्ट, मेकअपवाला, कधी माझ्या असिस्टंटचंही नाव छापतात. चपलेची वेणी विणणारीचं नाव मात्र मी तिथे कधी पाहिलं नाही. ज्यांच्याकडे कराराचा कागद आहे त्यांनाच या यादीत जागा. शिवाय जाहिरातीच्या कामात चौकट, रंग, मॉडेलची मान कुठे वळेल, सगळं मीटिंगमध्ये आधीच ठरतं. माझ्या हाती उरतो तो उजेड.

तो उजेड मला फार मोलाचा वाटतो. माझ्या लेखी फॅशनचा फोटो आधी वस्तूचा असतो, मग चेहऱ्याचा. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं चामडं उजेड पिऊन टाकतं. समोरून फ्लॅश मारला की वेणी सपाट होते आणि तेल दिलेल्या पट्टीवर पांढरा डाग पडतो. दिवा खाली, जवळजवळ जमिनीलगत आडवा धरला की चामड्याच्या वादीचा एकेक टाका उठून दिसतो, आणि ही खिळ्याशिवाय शिवलेली वस्तू आहे हे न सांगता कळतं. हे करणारी पोरं कोल्हापुरात आहेत. चित्रकार आणि चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला होता, तेव्हा गावात कसब नाही असं कोणी म्हणू नये.

कमी पडतो तो करार, आणि तो कायद्यात बसतो. कलम 17 मध्येच करार करण्याची मुभा आहे, आणि मालकी ग्राहकाकडे गेली तरी कर्ता म्हणून ओळख सांगण्याचा हक्क कलम 57 राखून ठेवतं. माझं गावातल्या फोटोग्राफर मंडळींना कळकळीचं सांगणं आहे की कोटेशनवर मुदत, माध्यम आणि नाव या तिन्ही गोष्टी लिहा. आणि चपलेचं काम असेल तर चौथी ओळ घाला: फोटोखाली कारागिराचं नाव, त्याच्या संमतीने, छापणं बंधनकारक. दोन-चार दुकानदार कुरकुरतील, एखादं गिऱ्हाईक जाईलही. तरी ही ओळ खोडू नका.