बसल्या बसल्या

दसऱ्याचं सोनं वाटून झालं त्याच रात्री आमच्या घरात एकमताने ठराव पास झाला की यंदा दिवाळीचं काही करायचं नाही. मला सातवा महिना, मनू सव्वादोन वर्षांची, आणि पुण्यात फराळ विकत मिळत नाही असा कोपरा दाखवा. सासूबाईंनी साताऱ्याहून फोनवर दमच भरला, "अजिबात दगदग करायची नाहीस. बसल्या बसल्या होईल तेवढंच कर."

मी भाबडी. मला वाटलं, सुटले.

वसुबारसेच्या चार दिवस आधी सासूबाई आल्या त्या दोन किलो चकलीची भाजणी दळून घेऊनच. "घरात पडलेली बरी असते," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पातेल्यात तांदूळ भिजत घातलेले दिसले. अनारशाचे! मी नुसतं बघितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, तीन दिवस भिजायचेत नुसते. रोज पाणी बदललं की झालं. त्यात तुला काय त्रास?" तांदळांची दगदग होणार होती, माझी नव्हे.

आता एक गोष्ट स्पष्ट करते. सातव्या महिन्यात जमिनीवर बसायला काहीच लागत नाही. पृथ्वी आपल्याच बाजूने असते. उठणं हा कार्यक्रम आहे. आधी दिवाणाचा कठडा धरायचा, मग एक गुडघा, मग "आई गं", मग थोडा वेळ तसंच ताटकळायचं, मग दुसरा पाय. आणि आपण कशाबशा उभ्या राहिलो, की मनू आपण सोडलेल्या जागेवर येऊन म्हणते, "आई, बश ना."

बसल्या बसल्या मी चिवड्याचे पातळ पोहे निवडले, लसूण सोलला, वाती वळल्या. बसल्या बसल्या करंज्या भरल्या. मनू शेजारी बसून सारणातले बेदाणे वेचून खात होती, आणि जे आवडले नाहीत ते प्रामाणिकपणे परत ठेवत होती. (पाहुण्यांनी करंज्यांची फार तारीफ केली. असो.)

मी मात्र त्यातली एकही खाऊ शकत नव्हते. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी साखरेची तपासणी सांगितली होती. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर 140 च्या आत हवी, माझी 152 आली. म्हणजे गोड तपासायला आधी गोड पाजतात आणि मग गोड बंद करतात. तेही धनत्रयोदशीच्या तोंडावर. सासूबाईंनी रिपोर्ट चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "रव्याचा लाडू चालेल गं. पाकातलाच असतो, वरून साखर नाही घालत."

मग चकलीचा दिवस उजाडला. त्यांचा सोऱ्या लग्नातल्या रुखवतातला, पितळी, वजनाला नातवंडाएवढा. त्या तळणार, मी पाडणार. अर्थात बसल्या बसल्या. मोहन बेताचं पडलं होतं, उकड मऊ मळली होती, तेल तापलं होतं. आणि सोऱ्यात घालायची चांदणीची चकती गायब.

शेवेची होती, पापडीची होती. चांदणीची नव्हती.

"मनू, चकती कुठेय?"

"चांदनी झोपली," मनू म्हणाली.

कुठे झोपली ते काही सांगेना. घर उलटंपालटं केलं. बुटांत बघितलं, वॉशिंग मशीनमध्ये बघितलं, लेकीच्या प्लास्टिकच्या हत्तीला हलवून बघितलं. खाटेखाली वाकून बघणं माझ्याच्याने शक्य नव्हतं, आणि सासूबाईंचे गुडघे माझ्या पोटापेक्षा सिनियर. शेवटी नवऱ्याला तुळशीबागेत पिटाळलं. दिवाळीच्या गर्दीत दोन तास घालवून तो तीन चकत्या घेऊन आला. एकही बसेना. दुकानदार म्हणे, "सोऱ्या घेऊन या, मग माप बघू." चाळीस वर्षांपूर्वीच्या पितळेचं माप आता स्टीलमध्ये निघत नाही, हे ज्ञान आम्हाला दीडशे रुपयांत पडलं.

मळलेलं पीठ वाट बघत नाही. सासूबाईंनी गॅस बारीक केला, पदर खोचला आणि जाहीर केलं, "कडबोळी करू."

कडबोळ्यांना सोऱ्या लागत नाही. हाताने वळायची. एकेक. पोळपाट मांडीवर मावेना, कारण मांडीवर आधीच कुणीतरी आलेलं होतं. मी पोटावर ताटली टेकवून वळू लागले. आतून एक लाथ बसली आणि चार कडबोळी खाली. "बघ," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "त्यालाही मदत करायचीय. याच्या वेळी मी आदल्या दिवसापर्यंत जात्यावर बसत होते." याच्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. तो दारात उभा राहून गरम कडबोळं खात होता.

नरकचतुर्दशीला पहाटे पाच वाजता पाटावर बसले, तेल-उटणं झालं, आणि पाटावरून मला दोघांनी उठवलं. कारीट फोडायचं राहिलंच, ते मनूने बाथरूममध्ये नेऊन बादलीत पोहायला सोडलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवरा झेंडूची फुलं आणायला गेला, सासूबाई शेजारी फराळाचं ताट द्यायला. मी दारात छोटीशी रांगोळी काढायला बसले. बसल्या बसल्या. ठिपके देताना सहज मान कलती झाली, तर दिवाणाखाली, भिंतीला लागून, मनूच्या बाहुलीच्या पांघरुणातून काहीतरी चमकलं.

चांदणी झोपली होती.

हात पुरेना. उठवेना. "मनू बाळा, ती चांदणी दे गं आईला."

मनू पोटावर सरपटत आत गेली. केवढी लवचीक! चकती काढली, फ्रॉकला पुसली, डोळ्याशी धरून चांदणीतून माझ्याकडे बघितलं. मग तरातरा गॅलरीत गेली.

"मनू! नको हं, मनू, इकडे ये..."

"चांदनी वल गेली!" आतून घोषणा झाली.

वर नव्हे. चार मजले खाली, सोसायटीच्या पत्र्यावर टण्णकन वाजलं. मी कठड्याकडे हात नेला, एक गुडघा उचलला, "आई गं" म्हटलं, आणि परत खाली बसून ठिपके जोडायला लागले.