गुरुवारी पाणी चालू राहील

गुरुवारी पहाटे माझ्या उजव्या कानात पाणी गेलं.

बाहेरगावच्या वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही. पण पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं ते गुरुवारी, असा परिपाठ आहे. बुधवारी रात्री आम्ही पिंप, बादल्या, कुकर, फार काय, पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला चांदीचा तांब्यासुद्धा भरून ठेवतो. अशा दिवशी गादीवर पडल्यापडल्या आपोआप पाणी मिळणं हा मी क्षणभर शुभशकुनच समजलो. दुसरा थेंब डोळ्यात पडला तेव्हा वर पाहिलं. एसीच्या खालच्या कडेला थेंबांची रांग लागली होती. एक पडला की मागचे सगळे शिस्तीत पुढे सरकत होते.

"अगं, एसी गळतोय."

"मग सरका थोडे," बायको झोपेतच म्हणाली. तिच्या बाजूला गळत नव्हता.

मुळात हा एसी म्हणजे माझ्या मानहानीचं स्मारक आहे. पुण्यात एसी लागत नाही, असं मी वर्षानुवर्षं ठणकावून सांगत आलो. पुराव्यादाखल सिमला ऑफिस पुढे करायचो. हवामान खात्याची कचेरी १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आली. शिमला सोडून माणसं ज्या गावात राहायला येतात तिथली हवा काय असेल, तुम्हीच बघा! (ती हवेसाठी नव्हे, सरकारी हुकमानं आली असणार, हे मलाही कळत होतं. पण समोरचा गप्प बसायचा.) मग दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, रात्री अकरा वाजता, टेकायला गेलो तर भिंत पाठीला कोमट लागली. त्या रात्री मी वाद सोडला. एसी दीड टनाचा आहे असं आईला सांगितलं, तर ती त्या खोलीत पाऊल टाकेना.

"दीड टन? चार स्क्रूंवर?"

टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे, हे तिला समजावून सांगितलं. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून ओढून घेण्याची ताकद म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांच्या जमान्यातला हिशेब आहे, तो तसाच चालत आलाय.

"म्हणजे दीड टन बर्फ आहे का आत?"

मी हो म्हणालो. तेव्हापासून ती दुपारची तिथेच झोपते, शाल पांघरून.

तर पाणी. एसीत पाण्याची टाकी नसते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून जो घाम येतो, तोच एसीतल्या गार कॉइलला येतो. तो ओघळून खालच्या ट्रेमध्ये जमतो आणि भिंतीतल्या भोकातून, एका पन्हाळीपन्हाळीच्या पाइपातून बाहेर जातो. त्याला ढकलायला आमच्या एसीत पंपबिंप काही नाही, नुसता उतार. एप्रिलमध्ये पुण्याची हवा एवढी कोरडी की दोरीवरचं धुणं तासाभरात कडकडीत वाळतं. त्या हवेतून एसी पिळून पिळून काय काढणार? मेच्या अखेरीला मात्र समुद्राकडचं दमट वारं येतं, एखाददुसरा वळीव होतो, आणि तोच एसी तासाला तांब्यातांब्यानं पाणी टाकायला लागतो. नेमका तेव्हा पाइप रुसतो. म्हणजे तुंबतो.

विलिस कॅरियरनं १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हे तंत्र बसवलं, ते माणसांना गार करायला नव्हेच. दमट हवेनं कागद फुगायचा, मग आकसायचा, आणि एका रंगावर दुसरा रंग जागच्या जागी बसायचा नाही. हवेतलं पाणी आटोक्यात ठेवणं हे मूळ काम. माणसांची सोय मागून झाली. सकाळच्या चहाला हे मी बायकोला सांगितलं.

"मग मूळ काम चोख चाललंय," ती म्हणाली. "गादी उन्हात टाका."

मेकॅनिकला फोन केला. त्यानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "ड्रेन चोक असणार साहेब. शनिवारी येतो."

"शनिवारपर्यंत काय करू?"

"बादली लावा. नाहीतर बाहेरच्या तोंडानं व्हॅक्यूमनं ओढून घ्या. पण पाणी ओढणारा पायजे. घरातला झाडायचा लावू नका, मोटर जाईल."

मग त्यानं व्हिजिट चार्ज सांगितला, आणि हे काम आपणच करायचं हे माझ्या मनात पक्कं झालं.

आता, आमच्या पाइपच्या बाहेरच्या तोंडाला इतिहास आहे. एसी बसवला तेव्हा ते तोंड दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पत्र्याच्या बरोबर वर आलं होतं. रात्रभर टप, टप. तिसऱ्या दिवशी जिन्यात, सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लागली:

"वरच्या मजल्यास: पाऊस देवाचा असतो. तो त्यानेच पाडावा."

मी मुकाट्यानं खिडकीशी जोड देऊन पाइप दहा फूट वाढवला आणि काकांच्या गॅलरीच्या कडेनं खाली सोडला. तरी गेल्या वर्षी दोन चिठ्ठ्या आल्याच. यंदा मात्र एकही नाही. वय झालं, निवळले असतील, असं समजून मी मनातल्या मनात त्यांना माफही करून टाकलं होतं.

दहा वाजता कामाला लागलो. आधी एमसीबी पाडला. ओल्या यंत्रात हात घालायचा तर रिमोटनं बंद करून भागत नाही. पलंगावरची गादी काढून तिथे स्टूल, स्टुलावर मी, स्टुलाला धरून आई, आणि खाली परात घेऊन बायको. पुढचं झाकण उघडलं, जाळ्या काढल्या. जाळ्यांवर आमच्या घरातलं सगळं काही थोडं थोडं होतं. टॉर्च मारला तर ट्रे तुडुंब, आणि पाइपच्या तोंडाशी काहीतरी तरंगत होतं. ते जरा जवळून सांगतो. रात्रभर भिजवलेला डिंक असतो ना, बाळंतिणीच्या लाडवांसाठी? तसाच फुगलेला, तसाच बुळबुळीत, फक्त रंग गढूळ चहाचा. धुळीला ओल मिळाली की जीवाणू आणि बुरशी मिळून हा संसार थाटतात. मी काडीनं टोचलं. ते आत गेलं आणि परत आलं.

"व्हिनेगर घाला कपभर," बायको म्हणाली. घातलं. अर्धा तास थांबलो. व्हिनेगर आपल्या जागी, डिंक आपल्या जागी. मग मी संडास धुवायच्या ब्लीचची बाटली आणायला निघालो, तर ती परात घेऊन दारात आडवी उभी राहिली.

"व्हिनेगरवर ब्लीच पडलं की क्लोरीन सुटतो. पाइपाआधी आपण मोकळे होऊ."

या घरात रसायनशास्त्र तिच्याकडे आणि भौतिकशास्त्र माझ्याकडे, अशी वाटणी आहे. पुढे जे घडलं त्यावरून ती पुन्हा करावी लागणार असं दिसतं.

माळ्यावर वडिलांचा सायकलचा पंप आहे. पुणं सायकलींचं गाव होतं तेव्हाचा, पितळी, लाकडी मुठीचा. खिडकीतून हात बाहेर काढून मी पाइपचा जोड सोडवला, वरच्या तुकड्यात पंपाची नळी खुपसली, भोवती फडकं आवळलं आणि दोन दणके दिले. विचार असा की हवेचा धक्का बसला की चोकअप फुटेल. फुटलाच. पण मी हवा मारत होतो खालून वर, म्हणजे पाण्याला जायचं होतं त्याच्या बरोबर उलट. खोलीतून आधी ढेकरेसारखा आवाज आला, मग आईचा.

आत गेलो. ट्रेमधलं पाणी भिंतीवर, पलंगावर आणि थोडं परातीत होतं. डिंकाचा एक लांबट गोळा कॅलेंडरवर, नेमका गुरुवारवर बसला होता. बायको काहीच बोलत नव्हती. आई बोलत होती.

"पूर्वी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून आम्ही गारवा आणायचो. तू गारव्यातून पाणी काढतोस. बरं, काढतोस ते काढतोस, अंगावर कशाला उडवतोस?"

वरचा तुकडा मोकळा झाला होता. जोड परत बसवून ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. (चांदीचा. भरलेला तेवढाच हाताशी होता.) पाणी चार बोटं उतरलं आणि थांबलं. म्हणजे अडकलेलं अजून खाली होतं. या वेळी मी शहाण्यासारखा जोडाच्या खालच्या तुकड्यात, वरून खाली पंप मारला. एक, दोन, तीन. खालून गुडगुड ऐकू आली. मग काकांचा आवाज.

"अहो! माझं पिंप उकळतंय!"

खाली गेलो. दोन वर्षांत मी त्यांच्या गॅलरीत पाऊल टाकलं नव्हतं. तिथे गुलाब होता, अनंत होता, कढीपत्ता होता, तुळस होती, आणि मध्यभागी निळं प्लॅस्टिकचं पिंप. माझा पाइप ग्रिलमधून आत ओढून घेतलेला, परकराच्या नाडीनं दोन ठिकाणी नीट बांधलेला, आणि त्याचं तोंड पिंपातल्या पाण्यात वीतभर बुडवलेलं.

"हे कधीपासून?"

"मार्चपासून. पाणी वाया जात होतं तुमचं." तुमचं हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मीच ते वाया घालवत होतो. "आवाज नको म्हणून तोंड बुडवलं."

सगळा उलगडा झाला. ग्रिलपाशी पाइपला झोळ पडला होता, त्या झोळात पाणी साचलेलं. तोंड पिंपाच्या पाण्याखाली. या दोन पाण्यांच्या मध्ये हवा कोंडलेली. तिला बाहेर पडता येईना, आणि नुसत्या उतारावर येणाऱ्या बिचाऱ्या पाण्यात तिला ढकलायचा जोर नाही. एप्रिलमध्ये पाणीच नव्हतं म्हणून भागलं. मी हे काकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालतं का हो हे?"

"नाही. कॉइलवरची धूळ, धातूचे कण उतरलेले असतात यात. बॅटरीला डिस्टिल्डच आणा. झाडांना चालेल."

"झाडांना चालतंय हे दिसतंयच," ते म्हणाले. खरंच होतं. अनंताला माझ्या हयातीत एवढ्या कळ्या मी पाहिल्या नव्हत्या.

झोळ सरळ केला, नाडी सोडली आणि पाइपचं तोंड पाण्यातून वर उचललं. आधी फुस्स झालं. मग क्षणभर काहीच नाही. मग बोटभर लांबीचा शेपटीवाला गोळा पिंपात पडून तळाशी गेला आणि त्याच्यामागून पाण्याची धार लागली. ओंजळ धरली. गार होतं.

"उतरलं रे!" वरून आईची हाक आली.

आता प्रश्न राहिला टप टपचा. तोंड पाण्याबाहेर ठेवायचं तर थेंब वाजणार. वाजले तर चिठ्ठी येणार. तोडगा काकांनीच काढला. पाइपच्या तोंडाला त्यांनी हातभर सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक पाण्यात सोडलं. थेंब सुतळीवरून मुकाट्यानं खाली घसरायला लागले. हे त्यांना मार्चमध्येच सुचलं असतं तर, असं मी म्हणणार होतो, पण त्यांनी तेवढ्यात कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या हातात ठेवल्या.

शनिवारी मेकॅनिक आला नाहीच. मीही आठवण केली नाही.

पुढच्या बुधवारी रात्री पिंप, बादल्या, कुकर भरून झाले, कचऱ्याची पिशवी ठेवायला दार उघडलं, तर जिन्यात ओळखीचं सुवाच्य अक्षर:

"वरच्या मजल्यास: उद्या गुरुवार. नळाला पाणी नाही. तरी एसी सकाळी दहापासून चालू ठेवावा. २४ वर ठेवल्यास पाणी पुरत नाही, असा अनुभव आहे. वीजबिलाचा विषय काढू नये."