आप्पा, नको!

मेव्हणा कॅनडाला गेला तेव्हा त्याने फ्रिज विकला, स्कूटर विकली आणि पोपट आम्हाला दिला. आफ्रिकन ग्रे जातीच्या पोपटाला २०१७ पासून देशाबाहेर न्यायचं म्हणजे कागदपत्रांचा डोंगर. माणसाला व्हिसा त्याआधी मिळतो. राखाडी अंग, लालभडक शेपूट आणि निवृत्त हेडमास्तरांची नजर. म्हणून नाव आप्पा. "पोपट पाळणं गुन्हा आहे!" शेजारच्या काकांनी पहिल्याच दिवशी हर्षभराने सांगितलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे तो आपला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं. हा पाहुणा परदेशी, त्याची सरकारी पोर्टलवर नोंदही आहे, हे कळल्यावर काका हिरमुसले.

तीन वर्षं सुखात गेली. जुलैत पिंजऱ्याखाली पिसं दिसायला लागली. "पावसाळाय, झडत असतील," आई म्हणाली. पण झडणारी पिसं थोडी इथली, थोडी तिथली अशी जातात, टक्कल पडत नाही. आप्पाची छाती पंधरा दिवसांत मटणाच्या दुकानात टांगायच्या लायकीची झाली. डोकं मात्र जसंच्या तसं, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचत नाही. वरून हेडमास्तर, खालून तंदुरी.

मग उपाय सुरू झाले. आईने मीठ-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. पक्ष्यांना धूर अजिबात सोसत नाही हे आम्हाला नंतर कळलं; त्या दिवशी घरभर खोकला उठला आणि पुढचा आठवडाभर आप्पा हुबेहूब आईसारखा खोकत राहिला. काकांनी खोबरेल चोळायला सांगितलं. नशीब, चोळलं नाही. तेलाने पिसं चिकटतात आणि पक्षी गारठतो. साताऱ्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी पिंजऱ्यात एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हशीचं काही असलं तर सांगा."

आमचा स्वतःचा उपाय एकच होता. आप्पाने चोच छातीत घातली की जो जवळ असेल त्याने ओरडायचं, "आप्पा, नको!" चार दिवसांत आप्पा ते शिकला. आधी स्वतःच माझ्या आवाजात "आप्पा, नको!" म्हणायचा आणि मग सावकाश पीस उपटायचा.

शेवटी पुण्याच्या पक्षीतज्ज्ञ डॉक्टरांकडे निघालो. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर शेंगा विकणारा पोरगा काचेतून डोकावला. "साहेब, कोंबडी जिवंतच सोललीत काय?" त्यावर मागच्या सीटवरून आई खोकली. का आप्पा, सांगता येत नाही.

डॉक्टर मुलगी आमच्या लेकीपेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठी. विष्ठा तपासली, रक्त घेतलं, पिसांच्या विषाणूच्या तपासणीसाठी नमुना पाठवला. मग चौकशी सुरू झाली, ती थेट कुटुंब न्यायालयातली. झोपतो किती वाजता? आईच्या मालिका संपल्यावर, साडेदहाला. खातो काय? सूर्यफुलाच्या बिया. फक्त? फक्त. त्यांत चरबी भरपूर आणि अ जीवनसत्त्व जवळपास नाहीच, म्हणजे आप्पा रोज वडापाववर जगत होता. घरात काही बदल झाला का? नाही. नीट आठवा. बायको हळूच म्हणाली, "अहो, जूनमध्ये लेक हॉस्टेलला गेली ना."

खोलीत कुणीच काही बोललं नाही. आप्पाने लेकीच्या आवाजात विचारलं, "आई, माझा चार्जर कुठंय?"

रिपोर्ट चांगले आले. पण त्यानंतरचं पथ्य आप्पाला कमी आणि आम्हालाच जास्त होतं. संध्याकाळी साडेसातला पिंजऱ्यावर चादर. बारा तास अंधार आणि शांतता. आई मालिका आवाज बंद करून बघते आणि कोण कुणाला काय म्हणालं ते आम्हाला कुजबुजत सांगते. आप्पाला गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला. रोज सकाळी बायको त्याच्यावर कोमट पाण्याचा फवारा मारते. मला गरम पाणी उरत नाही. खाणं वाटीत द्यायचं नाही, कागदात गुंडाळून लपवायचं, कारण रानात हा पक्षी दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात घालवतो आणि आपल्याकडे त्याला उद्योगच नसतो. त्यामुळे मी वाचायच्या आत पेपरात बदाम गेलेला असतो. अग्रलेखाच्या चिंध्या आप्पा ज्या तन्मयतेने करतो, तसा अग्रलेख मीही कधी वाचला नव्हता.

सगळ्यांत अवघड पथ्य म्हणजे त्याने पीस उपटलं तरी बघायचं नाही, बोलायचं नाही. ओरडणं हासुद्धा त्याला लाडच वाटतो. चौघं माणसं छताकडे बघत चहा पितात. चौथे काका; ते याच्यासाठी खास येतात.

ऑक्टोबरात छातीवर पांढऱ्या वेष्टणातले कोंब दिसले. मी व्हिडिओ कॉलवर लेकीला दाखवले. डाव्या मांडीवरचा पट्टा कदाचित कायमचा उघडा राहील, असं डॉक्टर म्हणाल्या आहेत. मुळं फार दुखावली की पीस परत येत नाही. लेक दर रविवारी फोन करते, पहिली पंधरा मिनिटं आप्पाशी बोलते. मी बाजूला बसून असतो.

परवा असाच बसलो होतो. पंधरा मिनिटांची वीस झाली. बायको म्हणते, जूनपासून माझ्या मिशीचा उजवा कोपरा विरळ झालाय. मला हात कधी जातो ते कळतही नाही. पिंजऱ्यातून माझाच आवाज आला, "आप्पा, नको!"

आप्पा कागद फाडत बसला होता. बघत माझ्याकडे होता.