एक मिनिट, रेकॉर्डिंग चालू आहे

परवा सकाळी एका संपूर्ण अनोळखी गृहस्थांनी माझेच हेडफोन कानाला लावून, माझ्याच रेकॉर्डरसमोर उभं राहून, मलाच "श्श!" केलं. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

मला पोर्टेबल रेकॉर्डर घ्यायचाय. मित्रांचं गाणंबजावणंही त्यावर व्हावं आणि पहाटेचे पक्षी, पाणी, झाडंही. दोन्हीला एकच यंत्र हवं, आणि गोची तिथेच आहे. गाणं जवळून होतं आणि जोरात होतं; तबल्यावर एक कडक थाप पडली की मीटर लाल होऊन आवाज फाटतो. रानातलं सगळं लांबून आणि हलकं येतं, त्यासाठी गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची पातळी, वर चढवावा लागतो. गेन चढवला की पानांच्या सळसळीआधी यंत्राची स्वतःचीच खरखर ऐकू येते. म्हणजे एकीकडे भक्कम कानाचा पहिलवान पाहिजे आणि दुसरीकडे सुईचा आवाज टिपणारा वैद्य, तेही एकाच खिशात मावणारे.

कंपन्यांना या अडचणीशी देणंघेणं नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, '32 बिट फ्लोट'. बिट म्हणजे आवाज ज्या आकड्यांत साठवतात त्यांची लांबी. 16 बिटमध्ये हलक्यात हलक्यापासून मोठ्यात मोठ्या आवाजापर्यंत सुमारे 96 डेसिबलचा पल्ला मिळतो, 24 बिटमध्ये कागदोपत्री 144, आणि 32 बिट फ्लोटमध्ये 1,500 च्याही वर. हवेतून धड लाटेच्या रूपात जाऊ शकणारा आवाजच मुळात 194 डेसिबलच्या आसपास संपतो. उरलेले तेराशे डेसिबल कोणासाठी राखून ठेवलेत ते कंपनीलाच ठाऊक. सोय खरी आहे, नाकारत नाही. गेन चुकला तरी आवाज नंतर खाली ओढून वाचवता येतो. पण माइकच्या आतच आवाज फाटला असेल तर कितीही बिट आणा, फाटलेलं ते फाटलेलंच. हे मात्र खोक्यावर नसतं.

आणि हळू आवाजांसाठी ज्या आकड्याची खरी गरज, तो प्रीअँपच्या, म्हणजे माइकचा आवाज वाढवणाऱ्या आतल्या भागाच्या, खरखरीचा आकडा, तो शोधायला मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर जावं लागतं. बरेच जण तिथेही छापत नाहीत. डीबीयू या मापात तो असतो, आणि जितका जास्त उणे तितकी खरखर कमी. उणे 127 डीबीयू दिसला तर यंत्र शांत आहे असं समजायचं. उणे 120 च्या अलीकडे राहिला तर पक्ष्यांचा नाद सोडून भाषणं रेकॉर्ड करावीत. 96 किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटचं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 96 हजार नमुने घेण्याचं, कौतुकही असंच. पक्ष्याचा आवाज नंतर संथ करून ऐकायचा असेल तर तो उपयोगी, नाहीतर 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ पुष्कळ झालं. त्यातही स्टिरिओचा एक तास एक जीबी खातो.

1889 साली जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या पोरानं एडिसनच्या फोनोग्राफसमोर पिंजऱ्यातला शामा पक्षी धरला आणि मेणाच्या नळकांड्यावर त्याचं गाणं उतरवलं. पक्ष्याचं आज माहीत असलेलं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग ते हेच. पोराला सॅम्पल रेट कोणी विचारला नाही. शिवाय ते घरात बसून करत होतं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण मी घराबाहेर पडलो.

दोन मित्रांकडून दोन रेकॉर्डर उसने आणले होते. एक तळहाताएवढा, पुढे दोन माइक एकमेकांवर तिरपे टाकलेले. दुसरा विटेसारखा जड. उजाडायच्या सुमारास मैदानाच्या टोकाला, झाडांपाशी, दोघांना शेजारी शेजारी ट्रायपॉडवर चढवलं, वाऱ्यासाठी केसाळ टोप्या घातल्या, हेडफोन लावले, दोन्ही सुरू केले. समोरच्या फांदीवर एक पक्षी नुकताच लांबलचक तान घेऊन दम खात होता. एवढ्यात मागून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला.

"मोजणी चाललीय?"

ट्रायपॉड पाहिला की माणसाला मोजणीच आठवते. मी बोट ओठांवर ठेवलं. हे त्यांना उत्तर वाटलं नाही.

"रस्ता होणारे का इथून?"

"नाही हो. रेकॉर्डिंग करतोय."

"म्हणजे रस्ता नाही होणार." हे त्यांनी थोड्या निराशेनंच म्हटलं. मग ते वाकले. "आणि हे केसाळ काय बसवलंय?"

"वाऱ्यासाठी."

"वारा मोजता?"

"नाही. वारा येऊ नये म्हणून."

त्यांनी मान वर करून झाडाकडे पाहिलं. "येतोय की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वारा येतच होता.

"पण रेकॉर्ड काय करताय?"

"आजूबाजूचे आवाज."

"इथे कुठला आलाय आवाज!" हे वाक्य त्यांनी अशा काही खणखणीत सुरात टाकलं की दोन्ही मीटर एकदम लाल झाले आणि तो पक्षी उठून पार पलीकडच्या झाडावर गेला. वाद मिटवावा म्हणून मी हेडफोन काढून त्यांच्या हातात दिले. "एकदा ऐकाच तुम्ही."

कानाला हेडफोन लावल्यावर त्यांचा चेहरा बदलला. आधी भुवया वर गेल्या. मग त्यांनी रागानं इकडेतिकडे पाहिलं. "कोण सारखं किल्ल्या वाजवतंय?"

"तुम्ही."

त्यांनी जुडग्याकडे पाहिलं, तो रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. थोडा वेळ शांतता. मग कुजबुजत, "कोणीतरी घोरतंय."

"तो तुमचा श्वास आहे."

त्यांनी श्वास धरला. इतका वेळ धरला की मीच घाबरलो. सोडला तेव्हा मीटर पुन्हा हललं, आणि त्याकडे ते असे टक लावून बघत राहिले की जणू रिपोर्ट हातात आलाय. मी हळूच म्हटलं, "काका, आता जरा माझं..."

"श्श!"

बरं, ठीक आहे. मी गप्प उभा. त्यांच्या एका कानाला दूरच्या मैदानातलं कुत्रं, दुसऱ्याला डोक्यावरच्या पानांची बारीक टपटप. ते एक एक सांगत होते, आणि सांगताना दर वेळी मलाच गप्प करत होते. शेवटी मी हेडफोनची वायर तळहाताएवढ्या रेकॉर्डरमधून काढून विटेसारख्या रेकॉर्डरमध्ये लावली, एवढंच म्हणून की काही हालचाल आपल्याही हातून व्हावी.

"अरे, पाऊस थांबला!"

"कुठला पाऊस?"

"मघाशी पडत होता की. मागे, बारीक. आता नाही."

आभाळ स्वच्छ होतं. मी वायर परत पहिल्यात लावली. "पडतोय," ते म्हणाले. दुसऱ्यात लावली. "थांबला."

तो पाऊस म्हणजे लहान यंत्राची खरखर. ती कुठे कमी, कुठे जास्त हे कळावं म्हणून मी रात्र रात्र आलेख चाळले होते, आकडे वहीत उतरवले होते, आणि या माणसानं खिशात किल्ल्या घेऊन मिनिटभरात निकाल दिला. बरोबर दिला, हेच जास्त लागलं.

त्यातच त्यांचा फोन वाजला. हेडफोन न काढता त्यांनी तो उचलला. "हां, बोल. नाही गं, येतो. इथे मोजणीला थांबलोय."

एवढ्यावर हसून मोकळं व्हावं असं मीही ठरवलं होतं, पण एक गोष्ट काही केल्या पचत नाही. कॅमेरा घेऊन उभं राहा. लोक आपणहून थांबतात, वाकून बाजूनं जातात, वर "सॉरी" म्हणतात. समोर नुसता फोन आडवा धरला तरी चार माणसं दोन मिनिटं रस्ता अडवून ताटकळतात, नवरानवरीचा फोटो असेल तर पाच. रेकॉर्डर घेऊन उभं राहिलं की उलट. तुमच्याजवळ येऊन थांबतात, आणि बोलतात. चित्रात मधे येणं वाईट हे सगळ्यांना कळतं. आवाजात मधे येणं म्हणजे काय, हेच कोणाला माहीत नाही. गाण्याच्या बैठकीतही तेच. व्हिडिओ घेणाऱ्यासाठी खुर्च्या सरकतात, मी माइकजवळ बसलो की शेजारचा पिशवीतून प्लॅस्टिकचा कागद काढून तो सावकाश, कोणाला त्रास होऊ नये म्हणून अतिशय सावकाश, उलगडतो. झटकन फाडला असता तर एक कट मारून निभावलं असतं. हा सगळा विलंबित ख्यालभर चालतो. तो कागद काढून टाकणारं बटण 32 बिटमध्येही नाही, 64 मध्येही नसेल.

आणि हो, फोनवर रेकॉर्ड करा असं कोणी सांगायच्या आधीच सांगतो: नॉइज कॅन्सलेशन चालू असलेल्या फोनला तानपुरा ऐकवून बघा. एकसारखा चाललेला सूर म्हणजे पंख्याची घरघर, असं समजून तो तानपुराच पुसायला घेतो.

असो. विटेएवढा घेतोय. खिशात मावणार नाही हे मान्य, पण त्यात पाऊस पडत नाही.

जाताना काकांनी नंबर घेतला. "ते पाठवा हं मला, माझ्या श्वासाचं वगैरे." पाठवलं. चांगली 24 बिटची वेव्ह फाइल, वरची टोकं उणे 12 वर, म्हणजे आवाज फाटतो त्या मर्यादेच्या 12 डेसिबल खाली, पक्षी परत आल्यानंतरची तान धरून, एकही कट न मारता. संध्याकाळी उत्तर आलं: 'आवाज फार लहान येतोय. पुढच्या वेळी मोबाइलवर करून बघा.'