दुखऱ्या गुडघ्याला शून्य

बी. फार्म. करून मी पुण्यात मेडिकल कोडर, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी (चार्ट) वाचून बिलासाठी कोड लावणारा झालो, तेव्हा आईने सोसायटीत सांगून टाकलं, "आमचा मुलगा अमेरिकेतल्या डॉक्टरांचे पेपर तपासतो." खोटं नव्हतं. फक्त उत्तर बरोबर आहे का, हे मी बघायचं नसे. मुद्दे किती लिहिलेत, तेवढं मोजायचं.

अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या 1997 च्या नियमांत एकेका अवयवसंस्थेच्या तपासणीचे स्वतंत्र तक्ते होते. हृदय, त्वचा, हाडं-सांधे वगैरे. तक्त्यात ठिपके, म्हणजे बुलेट; तपासणीतला एक मुद्दा लिहिला की एक बुलेट. पाचपर्यंत तपासणी किरकोळ, सहापासून बरी, बारा झाल्या की सविस्तर. (डोळेवाल्यांना आणि मानसोपचारवाल्यांना नवातच सविस्तर. तीन ग्रेस मार्क का, ते मी कधी विचारलं नाही.) रक्तदाब, नाडी, वजन वगैरे सातांपैकी तीन लिहिले की मिळून एक बुलेट, दोनच लिहिले तर भोपळा.

2018 मधला एक चार्ट अजून पाठ आहे. नवीन पेशंट, डावा गुडघा दुखतोय. उजवा पाय चार, दोन्ही हात मिळून चार, चाल एक, रक्तदाब-नाडी-वजन एक, मूड एक. झाले अकरा. आणि ज्याच्यासाठी माणूस आला, त्या गुडघ्यापुढे एकच शब्द: अ‍ॅबनॉर्मल.

नियमच असा की धडधाकट भागाला 'नॉर्मल' एवढं लिहून भागतं, पण नुसतं 'अ‍ॅबनॉर्मल' चालत नाही. काय बिघडलंय ते लिहावं लागतं. म्हणजे ठणठणीत पायाला चार आणि दुखऱ्याला शून्य. मला दया आली, मी त्याला एक देऊन बारा केले आणि सविस्तर तपासणीचा बिलाचा कोड, 99203, लावला.

ऑडिटच्या मॅडमनी बोलावलं. "हा बारावा कुठून आणलास?"

"मॅडम, गुडघा बिघडलाय हे दिसतंय की."

"तुला दिसतंय. चार्टला दिसत नाही."

कोड एक पायरी खाली, 99202 वर उतरला, माझ्या नावावर एरर चढली.

पुढे 2021 पासून ओपीडीसाठी आणि 2023 पासून दाखल पेशंटांसाठीही ही मोजणी गेली. डॉक्टरने विचार किती केला किंवा वेळ किती दिला, त्यावर कोड ठरू लागला. बोटांची सवय मात्र सुटली नाही.

परवा बाबांना गुडघ्यासाठी आमच्या डॉक्टरकाकांकडे नेलं. बाबा लंगडत आत आले, काकांनी चष्म्यावरून पाहिलं. चाल, एक. गुडघा दाबला, दोन. वाकवला, तीन. बाबा कळवळले.

"काका, स्टॅबिलिटी राहिली," मी म्हणालो.

"कुणाची?"

"गुडघ्याची. आणि वजनही नाही घेतलं."

काकांनी बाबांकडे पाहिलं. "याला झोप लागते ना नीट?" मग चिठ्ठीवर 'गुडघा' एवढंच लिहून खाली दोन रेघा मारल्या.

त्या दोन रेघांच्या बुलेट किती, हे मी रिक्षात बसेपर्यंत मोजत होतो.