ओळखपत्र असावं, ते खिशात नसणं हा गुन्हा नसावा

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: प्रत्येक नागरिकाने राष्ट्रीय ओळखपत्र सतत जवळ बाळगलंच पाहिजे, आणि पोलिसांनी मागितल्यावर जो दाखवणार नाही त्याला दंड झाला पाहिजे. त्यामुळे दहशतवाद थांबेल, बेकायदा राहणारे परदेशी सापडतील, अपघातात ओळख पटेल, सरकारी सेवा चटकन मिळतील. सगळ्या प्रगत देशांत हेच चालतं. आणि ज्याने काही वाईट केलेलं नाही, त्याने घाबरायचं कारण काय?

माझा विरोध ओळखपत्राला नाही. ज्याच्याकडे जन्माचा दाखलाही नाही त्याला शाळा, दवाखाना, बँक सगळीकडे दारातूनच परत पाठवलं जातं. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३०पर्यंत प्रत्येकाला कायदेशीर ओळख मिळावी, असं लक्ष्य आहे. पण ओळख मिळणं हा माणसाचा हक्क आहे. ती खिशात घेऊनच घराबाहेर पडलं पाहिजे, नाहीतर शिक्षा, ही त्या हक्काची उलटापालट आहे. वरच्या मजकुरात या दोन गोष्टी एकच असल्यासारख्या मांडल्या आहेत, आणि तिथेच खरी गफलत आहे.

‘सगळ्या प्रगत देशांत हेच चालतं.’ नाही चालत. बेल्जियममध्ये १५ वर्षांवरील प्रत्येकाने कार्ड जवळ ठेवावं लागतं, हे खरं. पण जर्मनीत १६ वर्षांनंतर ओळखपत्र किंवा पासपोर्ट असणं सक्तीचं आहे, तो सोबत घेऊन हिंडणं नाही. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत सक्तीचं राष्ट्रीय ओळखपत्रच नाही. ऑस्ट्रेलियात १९८५मध्ये तसा प्रस्ताव आला आणि लोकांच्या विरोधामुळे १९८७मध्ये सोडून द्यावा लागला. ब्रिटनने २००६मध्ये ओळखपत्रांचा कायदा केला, २०१०मध्ये तो रद्द केला आणि तोवर जमवलेली माहितीही नष्ट केली.

‘दहशतवाद थांबेल.’ स्पेनमध्ये राष्ट्रीय ओळखपत्र अनेक दशकांपासून सक्तीचं आहे. तरी ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले आणि १९०हून अधिक माणसं गेली. २२ मार्च २०१६ रोजी ब्रसेल्सच्या विमानतळावर आणि मेट्रोत हल्ले झाले, ते तर कार्ड जवळ बाळगण्याची सक्ती असलेल्या देशाच्या राजधानीत. त्यातले दोन आत्मघाती हल्लेखोर सख्खे भाऊ होते, बेल्जियममध्येच जन्मलेले, बेल्जियमचेच नागरिक. त्यांची ओळखपत्रं तपासली असती तर ती खरीच निघाली असती. कार्डावर नाव असतं, मनातला बेत नसतो. हल्ले रोखले जातात ते खबऱ्यांमुळे, पैशांच्या मागावर राहिल्यामुळे, संशयितांवरच्या चिकाटीच्या पाळतीमुळे. तेच मनुष्यबळ रस्त्यावर सामान्य माणसांची कार्डं बघत उभं राहिलं तर सुरक्षा वाढत नाही, कमी होते.

‘बेकायदा राहणारे परदेशी सापडतील.’ या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण सक्तीचा खरा भार कुणावर पडतो ते इथे दिसतं. रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो माणसांतून पोलीस कुणाला थांबवणार? सगळ्यांना थांबवणं शक्यच नाही. म्हणजे निवड होणार, आणि ती चेहऱ्यावरून, कपड्यांवरून, बोलीवरून होणार. फ्रान्समध्ये नागरिकांच्या हक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०१७मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. दिसायला कृष्णवर्णीय किंवा अरब वाटणाऱ्या तरुणांची पोलीस तपासणी होण्याची शक्यता इतरांच्या २० पट आढळली. हे तरुण बहुतांशी त्याच देशाचे नागरिक.

अमेरिकेतलं एडवर्ड लॉसन यांचं प्रकरणही बोलकं आहे. कॅलिफोर्नियात रेंगाळणाऱ्या माणसाने पोलिसांना ‘विश्वासार्ह’ ओळख दाखवावी, असा कायदा होता. लॉसन हे कृष्णवर्णीय गृहस्थ, त्यांना पायी फिरण्याची सवय. १९७५ ते १९७७ या काळात त्यांना सुमारे १५ वेळा अडवलं किंवा अटक केली. अखेर १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. ओळख पुरेशी आहे की नाही हे ठरवण्याची जवळजवळ पूर्ण मोकळीक त्या कायद्याने रस्त्यावरच्या पोलिसाला दिली होती, हाच त्यातला दोष. कार्ड सक्तीचं केलं की कुणाला आणि कितीदा अडवायचं याची मोकळीक पुन्हा त्याच्याच हाती जाते. ज्याला कधी कुणी अडवत नाही तो म्हणतो, दाखवायला एक मिनिट लागतं. ज्याला दर आठवड्याला चारचौघांत थांबवून विचारतात, त्याला मात्र आपल्याच देशात आपण उपरे आहोत असं पुन्हा पुन्हा ऐकवलं जातं.

अपघाताचा मुद्दा खरा आहे, पण त्याला सक्ती लागत नाही. ज्याला वाटतं त्याने खुशाल कार्ड जवळ ठेवावं, रक्तगट आणि नातेवाइकांचा नंबर लिहून ठेवावा. बेशुद्ध माणसाला मदत व्हावी म्हणून शुद्धीवरच्या माणसाला दंड करायचा, हे कुठलं शहाणपण?

‘सेवा चटकन मिळतील.’ सेवा घ्यायला जाताना कागद न्यावेच लागतात, त्यासाठी फिरायला जाताना ते नेण्याचा कायदा कशाला? आणि एकदा सक्तीचं कार्ड आलं की त्याचे उपयोग वाढतच जातात. ब्रिटनने १९३९मध्ये युद्धकाळासाठी ओळखपत्रं दिली. उद्देश मोजके होते: लष्करभरती, सुरक्षा, शिधावाटप. युद्ध संपलं, कार्ड राहिलं, आणि सरकारी खाती ते भलत्याच कामांना वापरू लागली. डिसेंबर १९५०मध्ये क्लॅरेन्स विलकॉक या मोटारचालकाला पोलिसाने थांबवलं आणि ओळखपत्र मागितलं. त्यांनी नकार दिला. कायद्याच्या अक्षरानुसार ते दोषी ठरले, पण अपिलात सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी सुनावलं की युद्धासाठी केलेल्या कायद्याचा असा वापर कायदा पाळणाऱ्या लोकांनाच गुन्हेगार बनवतो, आणि पोलीस व जनता यांच्यातला सलोखा बिघडवतो. फेब्रुवारी १९५२मध्ये ती ओळखपत्रं बंद झाली.

आता शेवटचा प्रश्न, सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा: काही वाईट केलं नसेल तर भीती कशाची?

वाईट कशाला म्हणायचं, हे कार्ड जवळ बाळगणारा ठरवत नाही. नेदरलँड्समध्ये शांततेच्या काळात लोकसंख्येच्या नोंदवहीत धर्म लिहिला जाई, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. जर्मनांनी देश व्यापल्यावर तीच नोंदवही त्यांच्या हाती पडली. ओळखपत्रं सक्तीची झाली, ज्यूंच्या कार्डावर ‘जे’ अक्षराचा शिक्का बसला. तिथल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार करणाऱ्यांनी ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवलं, ते याचसाठी. रवांडात बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात ओळखपत्रावर माणूस हुतू की तुत्सी, म्हणजे तिथल्या दोन मोठ्या जमातींपैकी कोणत्या जमातीचा, हे लिहायला सुरुवात केली. १९९४मध्ये नाक्यानाक्यावर ती कार्डं बघून तुत्सी माणसं मारली गेली. त्यांनी काय वाईट केलं होतं?

आणि आपल्या लोकांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सोसला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधल्या १९०७च्या कायद्याने तिथल्या भारतीयांवर बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची आणि पोलिसाने मागताच दाखला दाखवण्याची सक्ती आली. गांधीजींनी नोंदणीलाच नकार दिला होता असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात १९०८च्या सुरुवातीला सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर त्यांनी स्वेच्छेने नोंदणी मान्य केली, स्वतःही केली. सरकार सक्तीचा कायदा मागे घेईना, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमिदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखले जाळले गेले. तेच, आपखुशीने घेतलेले. ओळख द्यायला ती माणसं तयार होती. सक्तीपुढे मान तुकवायला नव्हती.

मग पोलिसांनी संशयिताची ओळख पटवायची कशी, असं विचारलं जाईल. जशी आज अनेक ठिकाणी पटवतात तशी. थांबवायला ठोस कारण हवं, आणि ते सांगता यायला हवं. नाव-पत्ता विचारावा, शंका उरली तर कागद आणून दाखवायला मुदत द्यावी. ब्रिटनमध्ये चालकाजवळ परवाना नसेल तर सात दिवसांत पोलीस ठाण्यात नेऊन दाखवता येतो. भरधाव गाडी हाकणाऱ्याला एवढी सवलत मिळते, तर पायी चालणाऱ्याला त्याहून कमी का मिळावी?