एलपीझिरोला आग

काल पतसंस्थेत पासबुक भरून घ्यायला दीड तास उभा होतो. पोटऱ्या अजून ठणकतायत. खिडकीत म्हातारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, त्याच्या जोडीला तितकाच म्हातारा लिनक्सवाला कम्प्युटर. माझ्या पुढच्या काकांचं पासबुक आत गेलं ते बाहेर येईना. आणि स्क्रीनवर ओळ उमटली : ‘एलपीझिरो ऑन फायर’.

काकांनी चष्मा सावरून अक्षरं जुळवली. “आग! अहो, माझं पासबुक आत आहे!”

शिपाई वाळूची बादली घेऊन धावला. मी गप्प बसायला हवं होतं.

“आग नाही हो काका. एलपीझिरो म्हणजे हा प्रिंटर. त्याच्याकडून तारा येतात. एक सांगते कागद संपला, एक सांगते मी तयार आहे, तिसरी नुसतंच ‘बिघाड’ म्हणते. कागद आहे, प्रिंटर तयार आहे, तरी तिसरी बोंबलतेय, की ड्रायव्हर आग लागली म्हणून लिहून मोकळा.”

“कुठंय ड्रायव्हर?”

“प्रिंटर चालवणारा प्रोग्राम असतो तो.”

“काय झालंय ते त्याला कळत नाही, तरी आग म्हणतो?”

“हो.”

“तुम्ही कम्प्युटरवाले का?”

“होतो. रिटायर झालो.”

“तरीच.”

शिपायानं बादली काही खाली ठेवली नाही. आता तो माझ्याकडे बघत होता.

खरं तर ड्रायव्हर सभ्य जात. युनिक्स म्हणजे लिनक्सच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या १९७५च्या सहाव्या आवृत्तीतला लाइन प्रिंटरचा ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला आत घ्यायचा. दुसऱ्याला तिथल्या तिथे ‘नाही’ म्हणायचा. आतल्याची १०० अक्षरं तुंबली की त्याला म्हणायचा, झोप. प्रिंटर ‘पुढचं द्या’ असा इशारा, म्हणजे इंटरप्ट, देत देत अक्षरं उपसायचा, ५० उरली की ड्रायव्हर स्वतः उठवायचा. आमच्या खिडकीत ‘नाही’ कुणी म्हणत नाही, ‘थांबा’ म्हणतात. झोपायचं सोडा, बसायला एक खुर्ची, तिच्यावर २०१९पासूनची व्हाउचरं बसलीत. ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी रांग आहे म्हणे. कुठे आहे?

शेवटी मॅनेजरसाहेबांनी मलाच आत बोलावलं. काकांनी पासबुकाला सेलोटेप लावला होता, तो रोलरला चिकटलेला. बोटं काळी करून सोडवला. बाहेर आलो तर माझी जागा गेलेली, पुढे अकरा माणसं.

काका पासबुक उजेडात धरून तपासत होते.

“पान फाडलंत की हो.”